रिकाम्या खोलीची पाहणी

रिकामं फडताळ गिऱ्हाइकाला कधी दाखवू नये, हा मॅनेजरांचा आयुष्यभराचा मंत्र होता. उभी हयात त्यांनी कापडाच्या एका मोठ्या दुकानात काढली आणि दर्शनी काच सजवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. माल असो नसो, काच भरलेली पाहिजे. एकदा माल यायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी रिकाम्या खोक्यांना कापड गुंडाळून अख्खी भिंत भरून टाकली होती. त्यातलंच एक हवं म्हणून एक बाई हटून बसली, तर "ते कालच गेलं, बाई, न्यायला तेवढे यायचेत" असं सांगून त्यांनी दुसरंच महागाचं कापड तिच्या गळ्यात मारलं. ही गोष्ट ते स्वतःच सांगत, तेव्हा निम्मी तरी खरी असेल.

दुकान सुटलं तरी मॅनेजर हे नाव काही सुटलं नाही. घरात बायकोसुद्धा "मॅनेजर, जेवायला चला" असंच म्हणायची. निवृत्त झाल्यावर आधी त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, मग झाकणाच्या रंगाप्रमाणे लावले. चहात मीठ पडलं त्या दिवशी बायकोने हात टेकले. "तुम्ही बाहेर जाऊन कुणाचं तरी भलं करा," ती म्हणाली, "म्हणजे माझं आपोआप होईल."

असे मॅनेजर संस्थेत आले.

संस्था म्हणजे तरी काय, पालिकेच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली, तीत एक टेबल, एक बाक, एक फोन आणि सिस्टर. सिस्टर इस्पितळातून निवृत्त झालेल्या. सासूबाई गेल्यावर त्यांच्या घरात एक व्हीलचेअर उरली, ती त्यांनी मागच्या गल्लीत कुणाला तरी वापरायला दिली. ते बघून लोक आपापल्या घरातलं रुग्णाचं सामान त्यांच्याकडे आणून देऊ लागले. वॉकर, कुबड्या, डोक्याकडून वर होणारे पलंग, हवेच्या गाद्या. ज्याला लागेल त्याने न्यावं आणि बरं वाटलं की धुऊन, उन्हात वाळवून परत द्यावं, एवढाच कायदा. त्यातही गंमत अशी की वस्तू खोलीत कधी टेकायचीच नाही. एका घरातलं काम संपलं की सिस्टर फोनवर दुसऱ्या घराचा पत्ता सांगायच्या आणि ती परस्पर तिकडे जायची. कुणाच्या तरी खांद्यावरून, कुणाच्या सायकलवरून, नाहीतर शेजारच्या टेम्पोवाल्याच्या कृपेने.

संस्थेला अध्यक्ष लागतो म्हणून एक अध्यक्ष होता. तो मुलाकडे राहायला गेला. बाकीच्या सभासदांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं, आणि जो नवा होता त्याला टाळता आलं नाही. मॅनेजरांनी मात्र हे पद फार मनावर घेतलं. आपल्यावर कुणी पुन्हा काहीतरी सोपवलंय, या आनंदात त्यांनी बाक भिंतीला काटकोनात लावला.

आणि मग पालिकेचा निरोप आला. इमारतीतल्या खोल्यांची पाहणी होणार होती. ज्या खोल्या वापरात नसतील त्या काढून घ्यायच्या होत्या, कारण पालिकेला मोडक्या खुर्च्या ठेवायला जागा हवी होती. मोडक्या खुर्च्यांना पालिकेत फार मान असतो. त्या टाकता येत नाहीत आणि त्यांच्यावर बसताही येत नाही.

सिस्टर म्हणाल्या, येऊ देत की. त्यांनी काही लपवलेलं नव्हतं आणि दाखवायचंही काही नव्हतं. पण मॅनेजरांनी दारात उभं राहून, डोळे बारीक करून, पाहुण्याच्या नजरेने खोलीकडे पाहिलं. टेबल, बाक, फोन, कोपऱ्यात पाय निखळलेला एक वॉकर, आणि खिळ्याला टांगलेलं एक बेडपॅन. हे पाहून कोण म्हणेल की संस्था चालू आहे? खोली गेली तर सगळंच गेलं, आणि अध्यक्ष कोण होता म्हणून लोक पुढची वीस वर्षं आपलंच नाव घेतील.

तेव्हा त्यांनी योजना आखली. पाहणीच्या दिवशी सकाळी सगळं सामान घरोघरून परत आणायचं, खोलीत छान मांडायचं, अधिकाऱ्यांनी पाहिलं की दुपारच्या आत जिथलं तिथे पोचतं करायचं.

"पण लोक ते वापरतायत, मॅनेजर," सिस्टर म्हणाल्या.

"अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न आहे, सिस्टर. तुम्ही कधी दुकान चालवलेलं नाही."

हे खरं होतं. सिस्टरांनी टेबलावरचा फोन उगाच सरळ केला. मग म्हणाल्या, तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मी त्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्या मास्तरांच्या घरी असेन, त्यांचा पलंग नेलात तर त्यांना कुशीवर वळवायला घरात दुसरं माणूस नाही. सिस्टरांच्या बोलण्यात होकार किती आणि नापसंती किती, हे कुणालाही कळलं असतं. मॅनेजरांना होकार तेवढा ऐकू आला.

पाहणीच्या दिवशी सकाळी टेम्पो निघाला. मॅनेजर पुढे, टेम्पोवाल्याच्या शेजारी. लोक कुरकुरतील, वाद घालतील, म्हणून त्यांनी वाटेत दोन-तीन चांगली उत्तरं जुळवून ठेवली होती. पण कुणी विचारलंच नाही. संस्थेने दिलेलं सामान संस्था स्वतः येऊन मागते आहे, याचा लोकांनी एकच अर्थ लावला. वॉकरवाल्या आजोबांनी भिंतीला धरून वॉकर पुढे सरकवला आणि म्हणाले, "न्या, न्या. आमच्यापेक्षा कुणाला तरी जास्त नड असणार."

मॅनेजर "हो, म्हणजे, तसंच" असं काहीतरी पुटपुटले. पुढच्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरी एका आजींनी व्हीलचेअरवरून उठून स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर बसवून घेतलं, आणि वर, मॅनेजर निघताना, विचारलं, कोण आहे हो, फार लागलंय का? मॅनेजर घाईत होते. त्यांनी नुसती मान हलवली. खोटं बोलायला तोंडच उघडावं लागतं असं नाही.

आता बघा, मान हलवायला क्षण लागतो, पण हललेली मान गल्लीभर फिरायला फार वेळ लागत नाही. एकाच सकाळी सगळे पलंग, सगळ्या कुबड्या, सगळ्या गाद्या गोळा होतायत. आजींच्या शेजारणीने दोन आणि दोन चार केले. कुठेतरी मोठा अपघात झालाय. भाजीवाल्यापाशी पोचेपर्यंत त्या अपघाताची बस झाली होती. न्हाव्याच्या दुकानात ती उलटली. आणि पिठाच्या गिरणीत, जिथे आवाजामुळे सगळं ओरडून सांगावं लागतं, तिथे पूल कोसळला.

इकडे मॅनेजर या सगळ्यापासून दूर, आपल्या आनंदात होते. मोठे पलंग मागे, गाद्या त्यांच्यावर दुमडून, व्हीलचेअरी अर्धगोलात, वॉकर उंचीप्रमाणे, कुबड्या भिंतीला टेकवून पंख्यासारख्या उघडलेल्या. प्रत्येक वस्तूला त्यांनी सुबक अक्षरात चिठ्ठी लावली, 'उत्तम स्थिती'. मोडका वॉकर त्यांनी आधीच दुरुस्तीला धाडला होता, बेडपॅन मात्र टेबलाखाली सरकवलं. एवढी सुंदर मांडणी त्यांनी दुकानातही केली नव्हती. टेम्पोवाला म्हणाला, "छान दिसतंय, काका. आजारी पडावंसं वाटतं." मॅनेजरांनी ती स्तुती म्हणून घेतली.

दहाला यायच्या अधिकारीबाई बाराला आल्या नाहीत. एकला आल्या नाहीत. मॅनेजरांना आजोबा आठवू लागले, भिंतीला धरून उभे असलेले. त्यांनी एका वॉकरची चिठ्ठी काढली आणि पुन्हा लावली. दुपार कलायला लागली तेव्हा बाई आल्या. तरुण होत्या, थकलेल्या होत्या, सकाळपासून खोल्या बघून बघून त्यांच्या चपलांवर धूळ चढली होती. त्यांनी सगळीकडे शांतपणे नजर फिरवली.

"हे सगळं संस्थेचं?"

"सगळं, मॅडम," मॅनेजर म्हणाले. छाती फुगली होती. "बघून घ्या. सगळं जागच्या जागी. एकही वस्तू बाहेर नाही."

"एकही नाही?"

"एकसुद्धा नाही."

बाईंनी मान हलवली आणि सोबतच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्या अगदी सरळपणे, कसलाही राग नसताना म्हणाल्या, की म्हणजे हे सामान कुणी नेत नाही. वस्तू चांगल्या आहेत, पण पडून आहेत. खोलीचा उपयोग गोदाम म्हणून होतो आहे, आणि गोदामच करायचं तर पालिकेच्या खुर्च्या आहेतच.

उभ्या आयुष्यात मॅनेजरांनी भरलेली काच पाहून आत येणारी माणसं पाहिली होती. भरलेली काच पाहून दुकानच बंद करणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. आता खरं सांगावं तर मांडणी खोटी ठरते, आणि न सांगावं तर खोली जाते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मॅनेजर.

एवढ्यात दारात एक बाई आली. तिच्या काखेत धुतलेल्या चादरींचा गठ्ठा होता. तो तिने टेबलावर ठेवला आणि विचारलं, "पुरतील का आणखी आणू?"

अधिकारीबाईंनी मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजरांनी चादरींकडे पाहिलं. तोवर तिच्या मागून व्यायामशाळेतली दणकट मुलं आत शिरली, बाह्या वर करून. रक्त द्यायला कुठे बसायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग शाळेतल्या बाई आल्या, त्यांच्यामागे दोघांनी धरलेलं चहाचं मोठं पातेलं आलं. मग कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी दवाखाना बंद करून, रांगेतल्या रुग्णांना थांबवून, बॅग उचलली होती. त्यांच्यामागे रांगेतले रुग्णही आले होते, खोकत खोकत, काही मदत लागली तर असू द्यावी म्हणून.

"जखमी कुठे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"जखमी," मॅनेजर म्हणाले आणि थांबले. सवय वाईट. माल नाही असं त्यांच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. "अजून यायचेत."

झालं. हे ऐकताच खोलीत एकदम शिस्तशीर धांदल उडाली. कुणी पलंगांवर चादरी घालू लागलं, कुणी गाद्यांत हवा भरू लागलं. कुबड्यांचा तो सुंदर पंखा पाडून मुलांनी वाट मोकळी केली. डॉक्टरांनी चिठ्ठ्या लावलेल्या व्हीलचेअरी बाहेर दाराशी नेऊन उभ्या केल्या. अधिकारीबाई भिंतीला चिकटून उभ्या होत्या. त्यांचा फोन वाजला. त्यांच्याच कार्यालयातून विचारणा होती, तुमच्या भागात पूल कोसळलाय म्हणतात, खरं का? बाईंनी फोन हातात धरून विचारलं, या भागात पूल आहे का? नव्हता. पण तोपर्यंत तेवढ्या बारकाव्यात शिरायला कुणाला वेळ नव्हता.

या सगळ्या गर्दीतून वाट काढत दोन मुलगे आले. त्यांनी एक लाकडी खुर्ची दोन्ही बाजूंनी धरली होती आणि खुर्चीवर सकाळच्या आजी बसल्या होत्या. एवढ्या उन्हात, एवढ्या लांब. आजींच्या मांडीवर एक जुनी उशी होती.

"सकाळी द्यायची राहिली," आजी मॅनेजरांना म्हणाल्या. धाप त्यांच्या मुलांना लागली होती, पण त्या स्वतःच दमल्यासारख्या दिसत होत्या. "त्या व्हीलचेअरला पाठीशी ही लागते. नाहीतर पाठीला रग लागते. मला सवय आहे हो, पण त्या बिचाऱ्याला कुठली असायला? कुठाय तो?"

खोलीत सगळे थांबले. आता खरोखर सगळ्यांनाच तो बघायचा होता.

मॅनेजरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्यांच्या मनात आणखी एक उत्तर तयारही झालं होतं. ते चांगलं उत्तर होतं. पण आजींच्या हातात ती उशी होती, आणि मॅनेजरांना एकदम फार लाज वाटली. इतकी लाज त्यांना त्या रिकाम्या खोक्यांच्या भिंतीपुढेही वाटली नव्हती.

"मीच तो, आजी," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. अपघात नाही, बस नाही, पूल तर नाहीच. मॅडम पाहणीला येणार होत्या, रिकामी खोली दिसली तर ती जाईल अशी मला भीती वाटली, म्हणून तुमच्या हातातलं, तुमच्या अंगाखालचं काढून मी इथे मांडलं. तुम्ही कुणाला तरी जास्त गरज आहे म्हणालात आणि मी नुसती मान हलवली. ते अधिकारीबाईंकडे वळले. "खोली राहो की जावो, मॅडम. आधी यांचं सामान यांना नेऊ द्या. आजोबा सकाळपासून भिंतीला धरून आहेत."

डॉक्टरांनी बॅग बंद केली. व्यायामशाळेतल्या मुलांनी बाह्या खाली केल्या, जरा नाराजच होऊन. आजींनी मॅनेजरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुला काही झालेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मग सरक, बसू दे मला."

आधी कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. राग आला नाही असं नाही, पण चहा तर आणलेलाच होता. तो प्यायला गेला. मग मदतीला आलेल्या माणसांनी, एवढं आलोच आहोत तर म्हणून, एकेक वस्तू उचलली. ज्याचं घर वाटेवर होतं त्याने त्या घरची घेतली. मास्तरांचा पलंग व्यायामशाळेतल्या मुलांनी डोक्यावर घेतला, टेम्पोलाही हात लावू दिला नाही. आजोबांचा वॉकर घेऊन स्वतः डॉक्टर गेले, आणि गेलोच आहोत तर म्हणून त्यांचे गुडघेही तपासून आले. चहा संपला तेव्हा खोलीत टेबल होतं, बाक होता, फोन होता, आणि टेबलाखालून बेडपॅन डोकावत होतं.

सिस्टर परत आल्या तेव्हा अधिकारीबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सिस्टरांना एकच गोष्ट विचारली. सामान जर इथे कधी नसतंच, तर खोली कशाला हवी?

"मागायला येणाऱ्या माणसाला एक दार लागतं," सिस्टर म्हणाल्या. "कुणाच्या घरी जाऊन मागायला लाज वाटते. आणि द्यायला येणाऱ्यालाही लागतं. त्यालाही लाजच वाटते."

बाईंनी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी कागदावर आधी लिहिलेलं खोडलं. सकाळपासून आपण भरलेल्या खोल्या पुष्कळ पाहिल्या, त्या म्हणाल्या, पण नुसत्या एका अफवेवर दवाखाना बंद करून धावणारी माणसं कुठल्या खोलीत ठेवलेली नव्हती. खोली वापरात आहे, असा त्या शेरा देणार होत्या. खुर्च्यांचं पालिका बघून घेईल. जाताना दारात थांबून त्यांनी मॅनेजरांना एवढंच सांगितलं की पालिकेतले मोठे साहेब स्वतः एखादे दिवशी अचानक येऊन बघून जातील. "आणि आले तर खोली अशीच रिकामी दिसू द्या. पुन्हा काही मांडू नका."

मॅनेजरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. खोली वाचली होती. आजच्या दिवसाने आपले डोळे उघडले, असं ते सिस्टरांना दोनदा म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. सिस्टर आत नळावर कपबश्या विसळायला गेल्या. मॅनेजर दारातच उभे राहिले, रिकाम्या खोलीकडे पाठ करून, रस्त्यावर नजर ठेवून.

तेवढ्यात समोरून पोस्टमन आला. ताठ चालत, हसतमुखाने, काखेत कुबड्या. प्लास्टर कालच निघालं होतं, आणि सकाळी टेम्पो आला तेव्हा त्याच्या घराला कुलूप होतं. कुबड्या धुतल्या आहेत, उन्हात वाळवल्या आहेत, संस्थेचे फार उपकार झाले, असं सांगून त्याने त्या पुढे केल्या.

मॅनेजरांनी मागे वळून स्वच्छ मोकळ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी कुबड्या हलकेच त्याच्या काखेत परत सारल्या.

"साहेब येऊन जाईपर्यंत असू द्या तुमच्याकडेच."

"पण मॅनेजर, माझा पाय बरा झालाय. सोमवारपासून कामावर जायचंय."

"जा की," मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाले. "फक्त या गल्लीत शिरलात की जरा लंगडा."